अष्टमातला मंगळ सांगणाऱ्या गुरुजींना

गुरुजी,



ठरलेलं लग्न मोडलं की लोक आधी मुलीबद्दल बोलतात, मग मुलाबद्दल, मग दोघांच्या आयांबद्दल. मोडणाऱ्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. आमचं लग्न तुम्ही मोडलंत. आवाज न चढवता, मांडी न हलवता, समोरचा चहा निवायच्या आत मोडलंत आणि पुढच्या यजमानांना आत बोलावलंत. इतकी वर्षं मनातल्या मनात तुमच्याशी बोलत आले, ते आता चार माणसांसमोर बोलते आहे. तुमचं नाव लिहीत नाही. तुमच्यासारखे प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी बसलेले आहेत. ज्याला हे पत्र आपल्याला लागू पडतं असं वाटेल, त्याने ते आपल्याच नावचं समजावं.

मी तुम्हाला आठवत असेन असं वाटत नाही, म्हणून आठवण करून देते. पुण्यातली तुमची बैठकीची खोली. चौरंगावर लाल कापड, त्यावर लॅपटॉप, शेजारी छापील कुंडल्यांच्या प्लास्टिकच्या फायली, प्रत्येक फायलीच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट. कडेला दक्षिणेची पाकिटं, रुपयाचं नाणं चिकटवलेली. समोर त्याची आई, माझे वडील, तो आणि मी. आम्ही पत्रिका जुळवायला आलोच नव्हतो. आम्ही दोघं कित्येक वर्षं एकमेकांना ओळखत होतो, दोन्ही घरं राजी होती, कार्यालयाची चौकशी सुरू झाली होती. “पत्रिकेचं आमच्याकडे काही नाही हो, फक्त मुहूर्त काढून आणू,” असं त्याची आई माझ्या आईला फोनवर म्हणाली होती. मुहूर्त काढण्यापूर्वी तुम्ही सवयीने जन्मवेळा विचारल्यात. माझी वडिलांनी सांगितली, त्याची त्याच्या आईने. तुम्ही त्या टाइप केल्यात, पडद्यावरची चौकट पाहिलीत आणि माझ्याकडे न बघता त्याच्या आईला म्हणालात, “मुलीला अष्टमात मंगळ आहे. कडक आहे. मुलाच्या पत्रिकेत मंगळदोष नाही. मुलाच्या आयुष्याला जपायला हवं.”

तिने विचारलं, “म्हणजे?”

“मी सांगायचं काम केलं. पुढचं तुमच्या हाती.”

या शेवटच्या वाक्यावरून मला तुमच्याशी भांडायचं आहे. एका विधवा बाईला एकुलत्या एक मुलाच्या मरणाचं भय घालायचं आणि पुढचं तिच्या हाती आहे म्हणायचं! तिच्या हाती काय उरलं होतं? ती वाईट बाई नव्हती. माझ्यासाठी नारळी भाताची वाटी झाकून ठेवणारी बाई होती. त्या संध्याकाळनंतर तिला मी दिसले की तिच्या डोळ्यांत आपला मुलगा आडवा पडलेला दिसायचा, हे मी पाहिलं आहे. तिने जेवण टाकलं, मग झोप टाकली, मग देवापुढे बसून राहिली. तो आधी म्हणाला, “थोडा वेळ दे, समजावतो.” मग म्हणाला, “तिची तब्येत बघतेस ना.” मग फोन विरळ झाले. दिवाळीच्या आधी त्याने एकदाचं सांगून टाकलं, की आईचं मन मोडवत नाही. ते मन तुम्ही आधीच मोडून ठेवलं होतंत, गुरुजी. त्याने फक्त त्याच्यापुढे मान तुकवली.

प्रेम तुटणं ही जगावेगळी गोष्ट नाही, हे मलाही कळतं. माझ्या मैत्रिणींची तुटली आहेत, माझ्या बँकेतल्या मुलींची तुटतात. कुणाचं भांडण झालेलं असतं, कुणी फसवलेलं असतं, कुणाचा जीव दुसरीकडे जडलेला असतो, कुणी नुसतं कंटाळलेलं असतं. त्यांनाही रात्र रात्र झोप लागत नाही. पण त्यांच्याकडे उगाळायला काहीतरी असतं. मी तेव्हा तसं बोलले नसते तर, मी त्याला जाऊ दिलं नसतं तर, मी आधी ओळखलं असतं तर. त्या पस्ताव्यातूनच माणूस हळूहळू बाहेर पडतो, कारण आपल्या हातून काय झालं ते त्याला सापडतं आणि पुढच्या खेपेला ते करायचं नाही असं तो ठरवतो. मला काय सापडलं? मी आमची सगळी वर्षं मनात उलटीपालटी करून पाहिली. अबोले होते, रुसवे होते, एकदा सिंहगडावर पावसात झालेलं मोठं भांडणही होतं. त्यातल्या कशानेही आम्ही तुटलो नव्हतो. शोधत शोधत मी माझ्या जन्माच्या पहाटेपर्यंत जाऊन पोहोचले. माझा अपराध मी डोळे उघडायच्या आतच करून बसले होते म्हणे. त्याबद्दल मी कसं पस्तावू, ते एकदा सांगा.

आठवण मात्र येते. ती येण्यासाठी कुणाची चूक लागत नाही. तो रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचा, लहान मूल वाचतं तसा, आणि एखादी पाटी चुकीची लिहिलेली दिसली की आत जाऊन दुकानदाराला सांगायचा. मी सोलापूरहून शेंगाचटणी आणली की डबा उघडायच्या आधी नुसता वास घ्यायचा. त्याच्या स्कूटरला दोन हेल्मेटं असायची आणि मागच्याचा पट्टा माझ्या हनुवटीच्या मापाने बांधलेला असायचा. दुसऱ्या कुणाला तो घट्ट व्हायचा. बढती मिळाली तेव्हा सगळ्यात आधी त्यालाच सांगावंसं वाटलं. वडील गेले तेव्हाही. त्याचा नंबर फोनमधून कधीच काढून टाकला आहे, बोटांना तो अजून पाठ आहे. मी तो लावत नाही, कारण त्याचं घर आहे, संसार आहे. तो संसार कसा चालला आहे याबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. बरा चालला असला तर तुम्ही खरे ठरत नाही आणि वाईट चालला असला तर मी खरी ठरत नाही. एका घरावरून असं काही ठरवायचं नसतं. तुम्ही मात्र एका चौकटीवरून ठरवलंत.

आता त्या चौकटीबद्दल बोलू.

माझे वडील सोलापूरच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. हजारो कामगारांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माझी जन्मवेळ त्यांनी स्वतःच्या घड्याळात बघून डायरीत लिहिली होती, पहाटे ४ वाजून १० मिनिटं. आईला विचाराल तर ती म्हणते, पहिला भोंगा व्हायच्या बराच आधी. वडील बाळंतपणाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. नर्सने दार उघडून “मुलगी झाली” म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं. मी खरोखर कधी जन्मले? डोकं बाहेर आलं तेव्हा, नाळ कापली तेव्हा, की पहिल्यांदा रडले तेव्हा? नर्स दारापर्यंत यायला किती वेळ लागला? बाळाला पुसायचं, आईला सांभाळायचं, यात दहा मिनिटं सहज जातात. हे तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्या शास्त्रात सगळं ज्यावर उभं आहे ती लग्नरास दर दोन तासांच्या आसपास बदलते, चार मिनिटांत अंशभर सरकते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ४ वाजून १० मिनिटांना माझी लग्नरास नुकतीच लागली होती. दहा मिनिटं अलीकडे गेलं, की आधीची रास येते, मंगळ अष्टमातून नवमात जातो आणि नवमातल्या मंगळाला तुम्ही दोष म्हणत नाही.

हे मला कुणी सांगितलं? वडिलांनी. लग्न मोडल्यावर ते पुस्तकं घेऊन बसले. पंचांग घरात होतंच. दाते पंचांग आमच्या सोलापूरचं, वर्षानुवर्षं एकाच खिळ्याला टांगलेलं. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून, चष्मा कपाळावर चढवून ते माझी लग्नरास हाताने मांडायचे, पुन्हा मांडायचे. कधी पाच मिनिटं मागे घेऊन, कधी दहा. एके रात्री मला म्हणाले, “त्या माणसासमोर मी चार म्हटलं असतं तर झालं असतं गं.” ज्या माणसाने आयुष्यभर कुणाचं एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही, तो लेकीसाठी दहा मिनिटं खोटी बोललो नाही म्हणून स्वतःला दोष देत राहिला, शेवटपर्यंत. दवाखान्यात शुद्ध हरपत असतानाही ते घड्याळाबद्दलच काहीतरी पुटपुटत होते. या सगळ्या प्रकरणात पस्तावला तो एकच माणूस, गुरुजी, आणि ज्याने काहीही चुकीचं केलं नव्हतं असाही तोच.

ते आणखी दोघांकडे पत्रिका घेऊन गेले. एकजण म्हणाले, गुरूची दृष्टी आहे, मंगळ निर्दोष आहे, बिनघोर लग्न करा. दुसरे म्हणाले, दोष आहे पण सौम्य आहे, शांत करा, हवं तर कुंभविवाह करू. एकच चौकट, तिघांचे तीन निकाल. वडिलांनी ती बातमी त्याच्या घरी नेली. पण भीती एकदा घरात शिरली की तिला दुसऱ्या ज्योतिषाच्या चिठ्ठीने बाहेर काढता येत नाही. त्याची आई म्हणाली, “तिघांपैकी एक जरी खरा निघाला तर?”

मी बँकेत आकडे बघण्याचं काम करते, म्हणून तुमच्या शास्त्राचाही ढोबळ हिशेब करून पाहिला. पहिलं, चौथं, सातवं, आठवं आणि बारावं, बारांपैकी या पाच घरांत मंगळ आला की दोष. म्हणजे शंभरातली चाळीस-बेचाळीस माणसं मंगळाची. लग्नराशीप्रमाणे चंद्रराशीकडूनही बघायचं म्हटलं, जसं तुमच्यापैकी बरेचजण बघतात, तर शंभरातली पासष्टच्या आसपास माणसं त्यात सापडतात. दक्षिणेकडे दुसरं घरही धरतात, मग आणखी. निम्म्याहून जास्त समाज जोडीदाराच्या जिवावर उठलेला आहे असं सांगणारं हे शास्त्र. मग तो दोष घालवण्याचे नियम: मंगळ स्वराशीचा असला तर नाही, उच्चीचा असला तर नाही, गुरूने पाहिला तर नाही, समोरच्याच्या पत्रिकेत त्याच घरांत शनी असला तर नाही, वय अठ्ठावीस उलटलं तर नाही. दोष लावायला जेवढ्या वाटा, तेवढ्याच काढायला. त्यातली कुठली धरायची हे ग्रह ठरवत नाहीत, तुम्ही ठरवता. माझ्या पत्रिकेत मंगळावर गुरूची दृष्टी होती, ती त्या दिवशी तुम्ही का पाहिली नाहीत? घाई होती? बाहेर रांग होती?

बरं, आकाशातलं गणित तरी एक आहे का? टिळक पंचांग आणि बाकीची बहुतेक पंचांगं यांच्या अयनांशांत, म्हणजे राशी जिथून मोजायच्या त्या सुरुवातीत, सुमारे चार अंशांचा फरक आहे. राशीच्या काठावर जन्मलेल्या माणसाची रास एका पंचांगात एक आणि दुसऱ्यात दुसरी येते. पंचांगकर्त्यांशी माझं भांडण नाही. ग्रह कधी कुठे दिसेल हे त्यांचं गणित बरोबर सांगतं, ग्रहणं मिनिटाला मिनिट जुळतात. भांडण त्या गणिताच्या खांद्यावर बंदूक ठेवून माझ्यावर गोळी झाडणाऱ्याशी आहे.

देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त मुलं जन्मतात. म्हणजे दर दोन तासांत पाच हजारांच्या आसपास. माझ्या त्या पहाटेच्या दोन तासांतही काही हजार मुली जन्मल्या असणार, त्यातल्या कित्येकींच्या अष्टमात तोच मंगळ. त्या सगळ्यांचे नवरे मेले का? कुणी जाऊन पाहिलं? तुम्ही पाहिलंत?

पाहण्याची तयारी दाखवणारी माणसं याच पुण्यात होती. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये एक साधी चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, त्या मिसळल्या आणि ज्योतिषांना आवाहन केलं, की पत्रिका बघून मूल कोणत्या गटातलं ते सांगा. प्रत्येकाला चाळीस पत्रिका. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के आलं. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. ज्याची सगळ्यात जास्त बरोबर आली त्याचीही चाळीसपैकी चोवीस. एवढा मोठा फरक, हुशार मूल की मतिमंद मूल, जो शेजारणीलाही पाच मिनिटांत कळतो, तो पत्रिकेत दिसला नाही. आणि अजून न आलेल्या पुढच्या पन्नास वर्षांतलं एका तरुण माणसाचं मरण तुम्हाला चहा निवायच्या आत दिसलं.

तुमच्या बाजूने बोलणारे म्हणतात, ती चाचणी बुद्धीची होती, लग्नाची नव्हती. लग्नाचीही एक आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या २००१ च्या जनगणनेतल्या सुमारे एक कोटी जोडप्यांच्या जन्मतारखा मँचेस्टर विद्यापीठाच्या डेव्हिड व्होआस यांनी तपासल्या. कुठल्या सूर्यराशीचं कुठल्या राशीशी जास्त पटतं असं काही दिसलं नाही. ती त्यांची पाश्चात्त्य सूर्यरास, आपली चंद्ररास आणि मंगळ नव्हे, हे मान्य. मग आपली चाचणी तुम्ही घ्या. तुमच्याकडे पिढ्यान् पिढ्यांच्या फायली आहेत. कुणी अडवलं आहे?

अशी चाचणी कुणी घेत नाही, आणि मग आमच्या नातेवाइकांसारखी शिकलेली माणसं नवीन कारणं शोधून तुमच्या मदतीला धावतात. माझ्या एका मामांनी मला समजावलं, की पत्रिकेतली एकनाड म्हणजे एक रक्तगट, म्हणून आपल्या पूर्वजांनी नाडीला आठ गुण ठेवले. मामा इंजिनीअर आहेत. रक्तगट लँडस्टायनरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधले. आणि बाळाला धोका कधी होऊ शकतो? आई आरएच निगेटिव्ह आणि पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असतं तेव्हा, म्हणजे रक्त वेगळं असतं तेव्हा. त्यावर इंजेक्शन आहे, तालुक्याच्या दवाखान्यात मिळतं. एक नाडी म्हणून मोडलेल्या लग्नांवर मात्र कुठलंही इंजेक्शन नाही.

तुम्ही म्हणाल, मी कुणावर जबरदस्ती केली नाही. खरं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात लग्नाच्या अटी लिहिल्या आहेत: वय, आधीचा जोडीदार हयात नसणं, मानसिक क्षमता, जवळचं नातं नसणं. त्यात कुठेही मंगळ नाही. जादूटोण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा झाला तेव्हा ज्योतिषाचा सल्ला त्यातून बाहेर ठेवला गेला, म्हणून तुम्ही कायद्याच्या कचाट्यात येत नाही. कायद्याने तुम्ही निर्दोष आहात. म्हणूनच हे पत्र मला वर्तमानपत्राच्या पानावर लिहावं लागतंय, कोर्टात नाही.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. उत्तर प्रदेशात एका तरुणीने तक्रार केली होती, की लग्नाचं वचन देऊन तिच्याशी संबंध ठेवले आणि मग वचन मोडलं. आरोपीच्या वकिलाने सांगितलं, मुलगी मंगळाची आहे म्हणून लग्न करता येत नाही. २०२३ च्या मे महिन्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने लखनौ विद्यापीठाच्या ज्योतिष विभागप्रमुखांना तिची पत्रिका तपासायला सांगितलं. जूनच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन त्या आदेशाला स्थगिती दिली, सुट्टीत खास बसून. ती बातमी वाचली त्या दिवशी मी जेवले नाही. त्या मुलीचं दुःख माझ्याहून कितीतरी मोठं. पण वचन मोडणाऱ्याने हात पुढे केला तो मात्र त्याच मंगळाकडे.

तुम्ही विकता ती हीच वस्तू आहे, गुरुजी. भविष्य नाही, आडोसा. ज्याला नाही म्हणायचं आहे पण नाही म्हणायचं धाडस नाही, त्याला तुम्ही ते ग्रहाच्या तोंडून म्हणवून देता. मुलाकडच्यांना मुलीचा रंग पसंत नसतो, वडिलांची नोकरी पसंत नसते, जात एक असून पोटजात पसंत नसते. ते सांगायची लाज वाटते, म्हणून “पत्रिका जुळली नाही” असा निरोप येतो. जिचं नातं मोडलं तिला खरं कारण कधीच कळत नाही. भांडायला समोर कुणी नसतं. मंगळाशी ती काय भांडणार?

आमच्या घरी तसं काही होतं का, याचा मी वर्षानुवर्षं विचार केला. त्याला खरंच मी हवी होते, की तुमचा आडोसा मिळाला आणि तो सुटला? मला माहीत नाही. हे माहीत नसणंच सगळ्यात जास्त जाळतं. तुमच्या खोलीतून बाहेर पडताना जिन्यात त्याने माझा हात घट्ट धरला होता, हे खरं. आणि पुढे त्याच हाताने तो सोडला, हेही खरं. त्याला मी माफ केलेलं नाही. माणसाने आईची समजूत घालायची असते, तिच्या भीतीपुढे उभं राहायचं असतं, डॉक्टरकडे न्यायचं असतं, वाट बघायची असते. तो यातलं थोडंसं करून थांबला. त्याचा हिशेब त्याच्याकडे आहे. पण त्याला थांबायला जागा तुम्ही करून दिलीत, म्हणून तुमचा हिशेब वेगळा मागते आहे.

मी अजूनही त्याच्यासाठी झुरते का, असं कुणी विचारलं तर हो म्हणेन. लपवण्यासारखं त्यात काही नाही. दुसरी स्थळं आली, चहाचे कप मांडून पहिला प्रश्न यायचा, “मंगळ आहे म्हणे?” ही बातमी तुमच्या खोलीतून सोलापूरपर्यंत आमच्या आधी पोहोचली होती. त्यातल्या एकदोन माणसांशी बोलले, चांगली माणसं होती, पण माझं मन पाट्या वाचत फिरणाऱ्या माणसाकडेच वळत राहिलं. मग मी एकटीच राहिले, आणि आता हे आयुष्य माझं आहे, त्यात आनंदही आहे. २०२५ च्या जानेवारीत मंगळ पृथ्वीजवळ आला होता, जवळ म्हणजे साधारण साडेनऊ कोटी किलोमीटरवर. गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी तांबूस दिसत होता. गंजलेल्या लोखंडाची धूळ आहे ती, म्हणून तांबूस. त्याच्याबद्दल माझ्या मनात काहीच आलं नाही. तुमच्याबद्दल मात्र आलं, आणि खाली येऊन मी हे पत्र लिहायला घेतलं. पूर्ण व्हायला एवढा वेळ लागला, कारण प्रत्येक वेळी मी वडिलांपाशी येऊन थांबायचे.

आता मागणं. दक्षिणा परत नको. माफीही नको, तुम्ही ती मागितलीत तर मला ती देता येणार नाही.

बँकेत कुणाचं खातं गोठवायचं असेल तर मला कारण लिहावं लागतं, खाली सही करावी लागते, आणि उद्या ते चुकीचं ठरलं तर ती सही माझ्यासमोर ठेवली जाते. तुम्ही माणसांची आयुष्यं गोठवता. तेव्हा यापुढे तोंडी सांगू नका. कागदावर लिहा: अमुक मुलीशी लग्न केल्यास अमुक मुलाच्या जिवाला धोका आहे, असं मी सांगतो. खाली तारीख घाला, सही करा, एक प्रत मुलीच्या घरी द्या. ज्या दिवशी असा कागद लिहायला तुमचा हात धजणार नाही, त्या दिवशी तोंडही मिटून ठेवा.

मोडलेल्या लग्नांची वही ठेवा. जुळलेल्यांचे फोटो तुमच्या भिंतीवर आहेत, मी पाहिलेत. ज्या मुलांना मरणाची भीती घालून वाचवलंत, ज्यांनी तरीही तुमचं न ऐकता लग्न केलं, त्यांचं पुढे काय झालं ते दहा वर्षांनी फोन करून विचारा. त्या वहीची पानं ज्याला बघायची त्याला बघू द्या.

आणि मुलगी समोर बसलेली असेल तर बोलणं तिच्याशी करा. तुम्ही तेव्हा माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. निर्णय माझा चालला होता आणि खोलीतली सगळ्यात कमी महत्त्वाची व्यक्ती मी होते. पुढच्या खेपेला तिच्या डोळ्यांत बघून सांगा, की तू याच्या मरणाचं कारण होशील. बघा जमतं का. ती काय उत्तर देते ते ऐका. मला त्या दिवशी तोंड उघडू दिलं असतंत तर मी काय म्हणाले असते ते मला आजही पाठ आहे: हा आजारी पडला तर रात्रभर उशाशी बसणारी मीच आहे, आणि तुम्ही मलाच उठवता आहात.

उत्तर द्यायचं असेल तर असंच उघड द्या. फोन करू नका, मध्यस्थ पाठवू नका. एका प्रश्नाचं उत्तर दिलंत तरी पुरे: ४ वाजून १० मिनिटं ही वेळ लिहिताना माझ्या वडिलांचं काय चुकलं?

कळावे.

आपली,
एका टाइमकीपरची मुलगी